पळतं चित्र कुठे स्वच्छ दिसतं?

नोकरीनिमित्त म्हैसूरजवळच्या नंजनगूडला आलेले आम्ही काही मराठी सहकारी सुटीच्या दिवशी माझ्याकडे गेम खेळायला जमतो. घरात दोन टीव्ही आहेत, एक एलसीडी आणि एक ओएलईडी, दोन्ही १२० हर्ट्झचे. ते शेजारी शेजारी लावून पाहताना जे उमगलं, ते असं.

१. निम्मा धूसरपणा नजरेत तयार होतो. इथल्या दोड्ड जात्रेत श्रीकंठेश्वराचा रथ निघतो, तेव्हा आपली नजर कळसाबरोबर सरकते आणि कळस रेखीव दिसतो, कारण तोही सलग सरकत असतो. पडद्यावरची गाडी तशी सरकत नाही. ६० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी उभी राहते आणि मग एकदम पुढची येते. नजर मात्र थांबलेली नसते, त्यामुळे थांबलेलं चित्र तिच्यावर फासलं जातं. वस्तू सेकंदाला ९६० पिक्सेल धावत असेल, तर हा फराटा १६ पिक्सेलचा होतो. १२० हर्ट्झवर ८ आणि २४० वर ४. हे गणित ओएलईडीलाही चुकलेलं नाही. म्हणून वेगवान खेळासाठी ६० हर्ट्झच्या ओएलईडीपेक्षा १४४ हर्ट्झचा चांगला एलसीडी मला केव्हाही पसंत. अर्थात गेमनेही तेवढ्या फ्रेम द्यायला हव्यात.

२. ओएलईडी खरा जिंकतो तो अंधारात. एलसीडीतल्या द्रवस्फटिकांना वळायला काही मिलिसेकंद लागतात. व्हीए पॅनेलमध्ये काळ्यावरून करड्यावर येताना तर एक फ्रेमही पुरत नाही, आणि रात्रीच्या शर्यतीत झाडांच्या मागे काळा ओघळ राहतो. ओएलईडीचा पिक्सेल स्वतःच उजळतो, आणि तोही मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात. हा फरक आमच्यापैकी प्रत्येकाला न सांगता दिसला.

३. खोक्यावरच्या ‘१ एमएस’वर जाऊ नका. तो आकडा बहुधा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे द्रवस्फटिक लवकर वळवायची सेटिंग, सर्वांत वर नेऊन मिळवलेला असतो, आणि तिथे कडांभोवती उलट रंगाची झळाळी उमटते. मधली पायरी बरी.

४. फ्रेमच्या मध्ये काळोख हवा. जुन्या सीआरटीवर हालचाल इतकी स्वच्छ दिसायची, कारण फॉस्फर क्षणभरच उजळून विझायचा. काही एलसीडी मॉनिटर बॅकलाइट लुकलुकवून तेच साधतात. १२० हर्ट्झवर प्रकाश १ मिलिसेकंदच राहिला, तर तोच फराटा सुमारे १ पिक्सेलवर येतो, म्हणजे नुसत्या १२० हर्ट्झच्या ओएलईडीपेक्षा कमी! मात्र पडदा मंद होतो आणि काहींचे डोळे दुखतात. माझ्या डोळ्यांना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ ते सोसत नाही.

५. म्हैसूरच्या दुकानात टीव्ही पाहायला गेलात, तर फुलांची संथ चित्रफीत बंद करायला सांगा. कन्नड बातम्यांची सरकती पट्टीही पुरेशी नाही, कारण प्रक्षेपण ५० हर्ट्झपुढे जात नाही. आपला कन्सोल जोडा, गेममधला नकाशा वेगाने सरकवा आणि त्यावरची नावं वाचता येतात का ते पाहा. त्याआधी टीव्हीचा गेम मोड लावा आणि १२० हर्ट्झ खरंच चालू आहे याची खात्री करा. ४के चित्र १२० हर्ट्झवर हवं असेल, तर त्याला साधारणपणे एचडीएमआय २.१चं पोर्ट आणि केबल लागते.

६. सेकंदाला ३० फ्रेमचा गेम ओएलईडीवर जास्त अडखळतो. एलसीडीचा संथपणा दोन फ्रेममधली उडी थोडी झाकतो. ओएलईडी ती उघडी पाडतो. त्यामुळे कथाप्रधान गेममध्येही मी जास्त फ्रेम देणारा परफॉर्मन्स मोडच लावतो. दूरच्या डोंगरावरचा तपशील कमी होतो, पण कॅमेरा फिरवताना डोळ्यांवर ताण येत नाही.