मुक्ता साळवे हिचा निबंध आणि आपल्या मुलांच्या वह्या

विद्यार्थ्याने वर्गात बसून स्वतःच्या रोजच्या जगण्याविषयी लिहिलेल्या चार पानांना साहित्य म्हणावे, की तपासून बाजूला ठेवावयाचा गृहपाठ? मराठीच्या अध्यापनात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे एक उत्तर मात्र सुमारे एकशे सत्तर वर्षांपूर्वीच छापले गेलेले आहे. १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत 'ज्ञानोदय' पत्राने चौदा वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध केला. तिचे नाव मुक्ता साळवे. मांग समाजातील ही मुलगी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेत शिकत होती आणि शाळेत जाऊ लागून तिला मोजकीच वर्षे झाली होती. निबंधाचा विषय होता मांगमहारांचे दुःख. तिचे एवढेच लेखन आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत या निबंधाविषयी लिहिण्याचे एक कारण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. ज्या 'ज्ञानोदय'ने हा निबंध छापला, त्याचा जन्म १८४२ साली अहमदनगरातच, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशनच्या हातून झाला. याच मिशनच्या सिंथिया फॅरार या बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली निधन होईपर्यंत येथे मुलींना शिकवीत राहिल्या. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीस होते. त्यांच्यासह जोतीरावांनी फॅरारबाईंची शाळा पाहिली. मुलींच्या शाळेची कल्पना त्यांच्या मनात दृढ होण्यात त्या भेटीचा वाटा होता. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते याच बाईंकडे, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. पुण्याच्या पेठेतील एका मुलीच्या हाती लेखणी आली, तिच्या मागे नगरच्या एका शाळेची सावली होती, हे नगरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. आपण ते क्वचितच सांगतो. किल्ला आणि चाँदबिबीपाशी आपला इतिहास बहुधा आटोपतो.

आता निबंधाकडे वळू. त्यातील दुःखाचे वर्णन अनेकांनी वाखाणले आहे. एक शिक्षक म्हणून मला मात्र त्या निबंधाच्या बांधणीचे अधिक आश्चर्य वाटते. चौदा वर्षांची मुलगी रडण्याने आरंभ करीत नाही, तर्काने करते. वेद वाचण्याचा अधिकार आमचाच, असे ब्राह्मण म्हणतात. मग वेदांप्रमाणे चालणे हा त्यांचा धर्म ठरला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मोकळीक नाही, त्यांना धर्मग्रंथच नाही. आणि ज्यांना धर्मग्रंथ नाही, ते धर्मरहित ठरतात. एवढे सिद्ध करून ती थेट देवालाच विचारते की, आमचा धर्म कोणता ते तू सांग, म्हणजे आम्ही त्याप्रमाणे वागू. ज्या धर्मात एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी दुरून पाहावे, तो पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, अशी इच्छाही ती उघडपणे व्यक्त करते. एका विधानातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे काढण्याची ही रीत तिने कोठे उचलली असेल? घरी तिला अनुभव भरपूर होता. 'असे असेल तर तसे ठरते' ही मांडणी मात्र पाटी-पेन्सिल हाती घेतल्यावर, वर्गातील प्रश्नोत्तरांतून तिच्या अंगी आली असावी, असे मला वाटते.

यानंतर ती पुरावे देते. पेशवाईत, बाजीरावाच्या राज्यात, काय चालत असे, हे तिने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असणार. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांगमहाराचे शिर उडवून त्याचा चेंडू आणि तरवारीचा दांडू करून खेळ होई, इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात, कोणी वाचू लागला तर त्याची चेष्टा आणि शिक्षा होई, असे ती नोंदविते. गाढवाला कोणी मारले तर त्याचा धनी तरी तक्रार घेऊन येतो, आमच्या बाजूने बोलणारा कोण होता, हा तिचा युक्तिवाद आजही वाचकाला निरुत्तर करतो. इंग्रजी अंमलात हे प्रकार थांबले, याबद्दल ती त्या सरकारचे आभार मानते. आजच्या वाचकाला ते खटकते. परंतु काल जीव जात होता आणि आज जात नाही, एवढा फरक ज्याने घरात पाहिला आहे, त्याच्या कृतज्ञतेचा हिशेब आपण दीडशे वर्षांनंतर खुर्चीत बसून तपासू नये.

निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग यापुढे येतो. ऐकलेला इतिहास बाजूला ठेवून ती डोळ्यांसमोरचे सांगू लागते. बाळंत होणाऱ्या आयाबायांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, आजार जडला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून आणावा, हे ती मांडते. उच्च जातीची मुले दगड मारून आमच्या मुलांना जखमी करतात. तरीही ती मुले तक्रार करीत नाहीत, कारण उरलेसुरले अन्न मागावयास त्यांच्याच दारी जावयाचे असते. हे शेवटचे कारण पुस्तकातून कोणालाही सापडणार नाही. ते वस्तीत राहणाऱ्या मुलीलाच ठाऊक असते, आणि लिहिता येऊ लागल्यावरच ते कागदावर उतरते. अखेरीस ती आपल्या जातबांधवांना सांगते की, तुमच्या दारिद्र्यावर आणि दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

येथे एक गोष्ट आठवते. आपल्या विद्यालयात थेरीगाथेचा परिचय वरच्या वर्गांना करून दिला जातो. तिच्यात मुत्ता नावाची एक थेरी आहे. उखळ, मुसळ आणि कुबड असलेला नवरा, अशा तीन वाकड्या गोष्टींतून आपण सुटलो, हे ती आनंदाने सांगते. 'मुत्ता' म्हणजे मुक्ता. दोघींच्या काळात दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, संबंध काहीच नाही. तरी दोघीही आपले बोलणे उखळाच्या, छपराच्या, दाराच्या पातळीवरून सुरू करतात, हे साम्य मुलांना दाखवून देण्यासारखे आहे.

याउलट उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर आले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गातील त्यांचे दिवस कसे होते, हे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुढे छापल्या गेलेल्या इंग्रजी टिपणांत लिहून ठेवले आहे. बसावयाचे गोणपाट वेगळे. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावणार नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी नाही. १९०१ साली वडिलांना भेटावयास निघालेली ही मुले मसूरच्या स्थानकावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर, त्यांना रात्रीचा प्रवास करावा लागला. पाणी कोठेच मिळाले नाही. हे सारे बाबासाहेबांनी लिहिले, पण प्रौढपणी, परदेशांतील पदव्या घेऊन आल्यावर. साताऱ्याच्या वर्गात त्या मुलाला या विषयावर निबंध लिहावयास सांगितला गेला असता तर? मुक्ताला तशी संधी मिळाली, कारण तिच्या शिक्षकांना तिचे म्हणणे ऐकावयाचे होते.

आता आपल्या मुलांच्या वह्या. मी मराठी शिकवितो आणि दरवर्षी शेकडो निबंध तपासतो. 'माझी आई' हा विषय दिला की, तीसचाळीस वह्यांत एकच आई भेटते. ती पहाटे उठते, सडारांगोळी करते, गरम नाश्ता देते, डबा भरते आणि रात्री गोष्टी सांगते. ही आई मार्गदर्शक पुस्तकातील आहे. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलांच्या आया पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या आणि धाकटी मुले घालून कारखान्याच्या तळावर कोपी उभी केली जाते. ती आईही पहाटेच उठते, किंबहुना पहाटेच्या आधी, कारण गाडी भरावयाची असते. मोळ्या वाढ्यांनी बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढविते. राहिलेले वाढे विकून मिठामिरचीची सोय पाहते. हे सर्व मुलाला इत्थंभूत ठाऊक आहे. एका मोळीत किती ऊस बसतो, टनाला काय मिळते, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाचे काय होते, हे मला त्याच्याकडून शिकावे लागेल. तरीही परीक्षेच्या कागदावर तो रांगोळी काढणारी आई लिहितो.

असे का होते? मुलाला लाज वाटते, हे उत्तर सोपे आहे आणि बहुधा अपुरे आहे. निबंध म्हणजे काय, याचा जो नमुना त्याच्यापुढे ठेवला जातो, त्यात कोपीला जागाच नसते. 'वाढे', 'पाचट', 'फड' हे शब्द अशुद्ध आहेत, अशी त्याची समजूत झालेली असते. वास्तविक ते व्यवसायातील नेमके मराठी शब्द आहेत, आणि त्यांना पर्याय शोधू गेल्यास सापडत नाहीत. ज्या जिल्ह्याने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभारून देशापुढे उदाहरण घातले, त्याच जिल्ह्यातील मुलाला उसाविषयी लिहिताना आपल्याच शब्दांचा संकोच वाटावा, ही विसंगती आपणा सर्वांनी विचारात घेण्याजोगी आहे.

मात्र येथे शिक्षकांनी सावध असले पाहिजे. 'तुझे दुःख लिही' असा आग्रह धरणे हाही एक प्रकारचा जुलूमच. दुःखाची मागणी झाली की मुले दुःखही छापील नमुन्यातले लिहू लागतात, आणि पाहुण्यांसमोर ते वाचून दाखविले की टाळ्या पडतात. मुक्ताच्या निबंधात दयेची याचना कोठेही नाही. ती वाचकाला प्रश्न विचारते आणि उत्तर देण्यास भाग पाडते. म्हणून नववीच्या वर्गात तिचा निबंध शिकविताना मी मुलांना भावना विचारीत नाही. मी विचारतो, यातील कोणती गोष्ट तिने ऐकली असेल, कोणती पाहिली असेल आणि कोणती विचार करून काढली असेल? वहीच्या पानावर तीन रकाने पाडून मुले वाक्ये वाटून घेतात. त्यात वाद होतात. दगड मारणाऱ्या मुलांची गोष्ट 'पाहिलेली' या रकान्यात घालावी, की तक्रार न करण्याचे कारण वेगळे काढून 'विचाराने काढलेली' म्हणून लिहावे, यावर एकदा पूर्ण तास गेला. तो तास वाया गेला असे मला वाटत नाही.

त्यानंतर तेच तीन रकाने मुलांनी आपल्या एखाद्या दिवसासाठी वापरावयाचे असतात. दिवस कोणताही चालतो. पहाटेच्या घंटेपासून वंदनेपर्यंतचा, भोजनगृहातील वाढपाच्या पाळीचा, विहिरीचे पाणी आटल्यावर टँकरची वाट पाहिल्याचा, सुट्टीत गावी गेल्यावरचा. ज्याला घराविषयी लिहावयाचे नाही, त्याने लिहू नये. हा त्याचा हक्क आहे आणि त्याचे गुण कमी होत नाहीत. वर्गात मोठ्याने वाचावयाचे की नाही, हेही लिहिणाऱ्यानेच ठरवावयाचे. एका मुलाने भूमितीचा तास आणि वडिलांनी ट्रॉली भरताना मोळ्या रचण्याची पद्धत यांची सांगड घालून दीड पान लिहिले. त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. 'वाढे' हा शब्द तसाच ठेवला.

या स्मरणिकेचे वाचक प्रामुख्याने माजी विद्यार्थी आणि पालक आहेत. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, आपल्या वेळच्या एखाद्या दिवसाची हकीकत, असेल तशी, दोन पानांत लिहून विद्यालयाच्या ग्रंथालयाकडे पाठवावी. आजच्या मुलांना नमुना म्हणून ठेवावयास मार्गदर्शक पुस्तकापेक्षा ती अधिक उपयोगी पडेल. पद, पगार, यश यांचा उल्लेख नसला तरी चालेल. त्या वेळी पांघरुणे किती होती, अभ्यासाचा दिवा कोठे होता, घरून पत्र किती दिवसांनी येई, एवढे असावे. पालकांना सांगावयाचे ते थोडे वेगळे. घरचे बाहेर सांगू नये, अशी आपली शिकवण असते आणि तिच्यामागे अनुभव असतो, हे मी जाणतो. म्हणून मुलाने काय लिहावे याचा आग्रह मी आपणाजवळ धरीत नाही. परंतु हंगाम संपवून गावी परतल्यावर मुलाने मोळीविषयी, मुकादमाच्या वहीविषयी, आजोबांच्या लहानपणाविषयी विचारले, तर त्याला उत्तर द्यावे आणि त्याने ते टिपून घेतले तर घेऊ द्यावे. मुक्ताला पेशवाईतील गोष्टी सांगणारे कोणीतरी घरात होते. त्या माणसाचे नाव कोठेच छापलेले नाही.