‘अठरा सांगा, लवकर सुटेल’

गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी झाली आणि माझ्या भाच्याला गल्लीतल्या मोठ्या पोरांबरोबर उचललं. त्याला सतरा पूर्ण होऊन काही महिने झाले होते. कोर्टाच्या आवारात एक ओळखीचा गृहस्थ दाजींना म्हणाला, “भाऊ, वय अठरा सांगा. सगळ्यांचा जामीन एकदम होईल. नाहीतर पोरगं रिमांड होममध्ये अडकेल.” दाजींना पटलं. पोराला तर आधीच पटलं होतं. मित्रांसमोर ‘लहान’ म्हणून वेगळं निघायची त्याला लाज वाटत होती. त्यानं स्वतःच अठरा सांगितलं.

मोठ्यांचा जामीन फेटाळला गेला आणि हाही त्यांच्याबरोबर तुरुंगात गेला. मग ताईनं शाळेचा दाखला शोधला आणि आम्ही वकीलबाईंना गाठलं. त्यांनी सांगितलेलं इथे लिहितो, कारण तसला सल्ला आवारात आजही फुकट मिळतो.

आपल्याकडे अल्पवयीन मुलाला कोर्ट निवडता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 3 सांगतं की मुलाचा हक्क ना मूल सोडू शकतं, ना आईबाप, ना बाल न्याय मंडळ. (अमेरिकेतल्या फ्लोरिडात मूल आणि पालक लेखी मागणी करून मोठ्यांसारखा खटला मागू शकतात म्हणे. इथे तशी सोय नाही, हे बरंच आहे.) मोठ्यांसारखा खटला चालवायचा तर मुलगा सोळा ते अठरामधला हवा, गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी, आणि बाल न्याय मंडळानं प्राथमिक मूल्यांकन करून तसा आदेश द्यायला हवा. त्यावर बाल न्यायालयही पुन्हा विचार करतं.

आमच्या पोरावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम होतं. ऐकूनच ताईचे हातपाय गळाले. पण त्या कलमाला किमान सात वर्षांची अट नाही. अशा गुन्ह्यांत मुलावर मोठ्यांसारखा खटला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणजे जी वाट कायद्यानं बंदच केली होती, तिच्यावर हे बापलेक आपणहून चालत गेले.

जामिनाची भीतीही उलटीच. मंडळापुढे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी, जामीन द्यायचा हाच नियम. नाकारायचा तर कारण नोंदवावं लागतं: वाईट संगत, मुलाला धोका, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच फसेल. म्हणून अर्जात पोरगं कुठे राहील, लक्ष कोण ठेवेल ते लिहा. आम्ही माझं घर लिहिलं. ती गल्ली सुटली, हे महत्त्वाचं ठरलं.

दोष सिद्ध झाला तरी मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात पाठवू शकतं, आणि तो डाग पुढे नोकरीच्या आड येत नाही. भाच्याला पोलीस भरतीत उतरायचंय. मोठ्यांसारखा खटला होऊन दोषी ठरलेल्याला ही सवलत नाही.

वयासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही. कागद पहिल्याच दिवशी द्या. राहून गेला तरी अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, अगदी निकालानंतरही मांडता येतो. वय धरतात ते गुन्ह्याच्या दिवशीचं. भाच्याच्या चौकशीचा निकाल लागायच्या आधीच त्याला अठरा पूर्ण झाली. प्रकरण मात्र मंडळाकडेच चाललं.