वही आणि गळा

मुलांनो, तुम्ही शास्त्रीय गाण्याची मैफल पाहिली आहे का? गवयाच्या मागे तानपुरे असतात, बाजूला तबला आणि पेटी. पण त्याच्यापुढे पुस्तक सहसा नसते. तासभराचे गाणे तो आठवणीतून गातो.

पूर्वी उस्ताद शागिर्दाला तोंडीच शिकवत. शागिर्द ऐकून पाठ करी आणि रियाज करी. (हे तिन्ही शब्द तुमच्या घरचेच! मराठीतही ते रुळले आहेत.) पण यात एक धोका होता. उस्ताद वारले, की कोणालाही न शिकवलेल्या चिजा त्यांच्याबरोबरच जात.

मुंबईचे पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांना याची फार काळजी वाटे. ते शिक्षणाने वकील होते. गावोगाव हिंडून त्यांनी अनेक उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि स्वर-तालांसह लिहून ठेवल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमावर उभी. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग अशा चिजांनी भरले आहेत.

मग गवई ते पुस्तक पुढे का ठेवत नाही? युरोपातील मोठ्या वाद्यवृंदात साठ-सत्तर वादक ठरलेलेच वाजवतात. म्हणून त्यांच्यापुढे कागद असतो. आपल्याकडे चीज चार-सहा ओळींचीच. पुढचे आलाप आणि ताना गवयाला तिथेच सुचतात. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कागदावर पुरती उतरत नाही. ती शिकायला आजही उस्तादांसमोरच बसावे लागते.