टिपांसकट वाचताना

विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्थांचे नवे संशोधनग्रंथ मी गेली बरीच वर्षं वाचतो आहे. इतिहास, जनुकशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र, जे हाती लागेल ते. यातल्या एकाही विषयाची पदवी माझ्याकडे नाही. पुण्यातला आमचा वाचनगट एकेक प्रकरण घेऊन बसतो आणि भरपूर वाद घालतो. त्यातून जे हाताशी आलं ते इथे लिहितो. तुमची पुस्तकं वेगळी असतील, अनुभवही वेगळा असेल.

१. आपण प्रश्न घेऊन ग्रंथाकडे जातो आणि तो प्रश्नच बदलून परत येतो, हे मला फार उशिरा उमगलं. वारकरी संत जातिभेदाच्या विरोधात होते की नाही? हा वाद शाळेपासून ऐकत आलो, दोन्ही बाजूंची उत्तरं पाठ झालेली. जॉन क्यून यांचा ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’ (२०२१) घेतला तो या वादाचा निकाल लागेल म्हणून. त्यांनी संत एकनाथांच्या जेवणाच्या कथा धरल्या आहेत. श्राद्धाचं अन्न नाथांनी ब्राह्मणांच्या आधी अस्पृश्यांना वाढलं ती एक, आणि महाराच्या घरी ते जेवायला गेले ती दुसरी. महिपतींचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. तिथपासून प्रभातच्या १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटापर्यंत, ज्यात बालगंधर्व एकनाथ झाले होते, या कथा कशा बदलत गेल्या याचा माग ते काढतात. जुन्या कथेत पाळतीवरच्या लोकांना नाथ महाराच्या घरी जेवताना दिसतात आणि त्याच वेळी स्वतःच्या घरीही दिसतात. मग महाराच्या पंगतीला बसलं कोण, नाथ की देव? कथा ते मोकळंच ठेवते, आणि त्या मोकळेपणामुळेच ती सनातन्याच्याही ओसरीवर सांगता येते आणि सुधारकाच्याही सभेत, असं क्यून दाखवतात. विरोध होता की नव्हता हा प्रश्न आपल्या काळाचा. कथेचं काम वेगळंच चाललं होतं. हे वाचल्यापासून कीर्तनाला बसलो की बुवा या कथेत कुठे रेंगाळतात आणि कुठे झपाट्यानं पुढे जातात, इकडे माझं लक्ष असतं.

२. विज्ञानातली नावंसुद्धा माणसं एकत्र बसून ठरवतात. डेव्हिड राइक यांच्या ‘हू वी आर अँड हाउ वी गॉट हिअर’ (२०१८) या प्राचीन डीएनएवरच्या ग्रंथात ऑक्टोबर २००८ मधल्या हैदराबादच्या एका बैठकीची हकीकत आहे. लालजी सिंग आणि के. थंगराज हे त्यांचे भारतीय सहकारी. भारतातले बहुतेक समूह दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून आले, असं आकडे सांगत होते. पण त्यातल्या एका प्रवाहाला थेट पश्चिमेकडचं नाव द्यायला भारतीय सहकाऱ्यांची हरकत होती. पुष्कळ ताणाताणीनंतर ‘प्राचीन उत्तर भारतीय’ आणि ‘प्राचीन दक्षिण भारतीय’ ही नावं निघाली आणि २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापली गेली. राइक यांनी तो ताण लपवलेला नाही, आणि त्या प्रांजळपणामुळे माझा त्यांच्या आकड्यांवरचा विश्वास वाढला.

याच ग्रंथानं आणखी एक शिकवलं: मुखपृष्ठानंतर आधी प्रकाशनाचं वर्ष पाहायचं. सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे दीडच वर्षात, डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि राइक यांच्या चमूचा हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावरचा निबंध ‘सेल’मध्ये आला; ग्रंथात तो असणं शक्यच नव्हतं. साठाहून अधिक नमुने तपासले, वाचण्याजोगा डीएनए मिळाला तो एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून. एकाच का, हे आमच्या गटातल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिकांनी समजावलं. उष्ण, दमट जमिनीत डीएनएचे तुकडे होत जातात; टिकलाच तर तो आतल्या कानाभोवतीच्या दगडासारख्या टणक हाडात. हरियाणाच्या मातीत साडेचार हजार वर्षं! बाई हे सांगत होत्या तेव्हा नेहमी मध्ये बोलणारे आमचे सभासदही गप्प होते.

३. ग्रंथाचा कणा टिपांमध्ये असतो. आता मी कुठलाही ग्रंथ आधी मागून उघडतो. लेखक कुठल्या दप्तरखान्यात बसला, कुठली भाषा त्याला वाचता येते, कोणाचं ऋण मानतो, सगळं तिथे कळतं. प्राची देशपांडे यांचा ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ (२०२३) मी असाच वाचला. कारकून, कुलकर्णी, त्यांनी कसं वागावं आणि हिशेब कसा ठेवावा हे सांगणारी ‘मेस्तकं’, मोडी आणि बाळबोध यांचे बदलत गेलेले संबंध, असा त्याचा विस्तार आहे. टिपांच्या नादानं मी मोडीचे जुने कागद पाहायला गेलो. आधी ओळभर आडवी रेघ ओढलेली, मग तिच्याखाली हात न उचलता लटकवत नेलेली अक्षरं. तारखेआधी ‘छ’, म्हणजे पुढे मुसलमानी चांद्र महिना येणार. शेवटी ‘मोर्तब सूद’, म्हणजे शिक्कामोर्तब झालं. तो कागद लिहिणाऱ्याची शिस्त डोळ्यांना दिसत होती. ग्रंथ आला त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या संदर्भात कुणबी नोंदी शोधताना सरकारला मोडी वाचणारे जागोजागी धुंडाळावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतून गेलेली लिपी, आणि त्या वर्षी हजारो कुटुंबांचे दाखले तिच्यावर अडलेले. लिपी हा सत्तेचा मामला आहे हे देशपांडे यांचं म्हणणं मला त्या बातम्यांमुळे पुरतं पटलं.

४. विषयांच्या भिंती ग्रंथालयाच्या कपाटांना असतात, प्रश्नांना नसतात. तोमा पिकेटी यांचा ‘कॅपिटल’ फ्रेंचमध्ये २०१३ साली आला, इंग्रजीत पुढच्या वर्षी. करांच्या आणि वारशांच्या नोंदींनी भरलेल्या या अर्थशास्त्राच्या ग्रंथात बाल्झाक आणि जेन ऑस्टिन पुन्हा पुन्हा येतात. बाल्झाकच्या ‘पेर गोरियो’त व्होत्रां तरुण रास्तिन्याकला हिशेब करून दाखवतो, की कायदा शिकून आयुष्यभर मेहनत केलीस तरी श्रीमंत मुलीशी लग्न करून मिळेल तेवढा पैसा तुला मिळायचा नाही. पिकेटींना हा पुरावा वाटतो. पहिल्या महायुद्धापर्यंत चलन स्थिर होतं, म्हणून कादंबरीकार उत्पन्नाचा आकडा लिहायचा आणि वाचकाला त्या घराची पायरी कळायची. महागाई आली आणि कादंबऱ्यांतून आकडे गेले. असंच एक उदाहरण आपल्याकडचं आहे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ च्या एका शोधनिबंधात जुन्या मराठी वाङ्मयातले आणि मौखिक परंपरेतले झाडांचे उल्लेख गोळा केले. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे तोडून उजाड झालेलं जंगल नाही, ती शतकानुशतकं माळरानंच आहेत, असा त्याचा निष्कर्ष. संतचरित्रातली बाभूळ परिसरशास्त्राच्या कामी आली, याचा मला मनापासून आनंद आहे.

५. ग्रंथासोबत त्याच्यावरचं भांडणही वाचावं. डेव्हिड ग्रेबर आणि डेव्हिड वेनग्रो यांचा ‘द डॉन ऑफ एव्हरीथिंग’ (२०२१) वाचून मी भारावलो होतो. शेतीतून शहर, शहरातून राजा ही शाळेतली शिडी त्यांनी मोडून टाकली होती. मग तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांचं परीक्षण वाचलं. त्यांनी टिपांमधले संदर्भ तपासून काही दावे पुराव्याच्या पुढे धावतात असं दाखवलं. वेनग्रो यांनी उत्तर दिलं, अपियांनी प्रत्युत्तर. ग्रेबर ग्रंथ छापून येण्याआधीच, २०२० मध्ये, गेले होते. त्यांनी काय उत्तर दिलं असतं ही रुखरुख राहते. ग्रंथ मला आजही आवडतो, पण आता कुठल्या पानावर थबकायचं ते ठाऊक आहे.

६. काही ग्रंथ अर्धेच वाचून होतात, आणि चालतं.

७. माझ्याच गावच्या, माझ्याच भाषेतल्या माणसांबद्दल मला किती कमी माहिती आहे, हे परगावी छापलेल्या ग्रंथांनी सांगितलं. शैलजा पाईक मूळच्या पुण्याच्या, येरवड्याच्या. अमेरिकेत शिकवतात, २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांचा ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) तमाशातल्या दलित स्त्रियांवर आहे. मी तमाशाकडे कला म्हणून पाहत होतो: लावणीचे प्रकार, गण-गौळण, पठ्ठे बापूरावांची रचना. बापूरावांबरोबर उभी राहिलेली पवळा हिवरगावकरीण माझ्या लेखी त्यांच्या चरित्रातलं एक पात्र होती. पाईक तिला केंद्रस्थानी आणतात आणि विचारतात, जी कला ‘अस्सल मराठमोळी’ म्हणून मिरवली जाते, ती सादर करणाऱ्या बाईला ‘अश्लील’ कोण ठरवतं, आणि माणुसकीच्या लढ्यात तिची जागा कुठली? हा ग्रंथ आमच्या गटात वाचला तेव्हा पुढची प्रकरणं वाचायला सगळ्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

यात एक गोष्ट मला फार लागते. तमाशातल्या स्त्रियांनी पाईक यांना जे सांगितलं ते मराठीत सांगितलं. एकनाथांच्या कथा मराठीत, मोडीची दप्तरं मराठीत. त्यांवरचे ग्रंथ मात्र आधी इंग्रजीत येतात, पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी पट किमतीला, आणि मराठीत यायला एखाद्या अनुवादकानं आपली संध्याकाळ त्यात घालावी लागते. त्याला टिपांसकट अनुवाद करायचा असतो, सूचीसकट, संदर्भ मूळ मराठी साधनांशी ताडून. या कामाला कादंबरीच्या अनुवादाच्या दुप्पट मानधन द्यायला हवं, आणि टिपा गाळून पुस्तक आटोपशीर करणाऱ्या प्रकाशकाला वाचकांनी पत्र लिहून जाब विचारायला हवा. आमच्या गटानं अशी पत्रं लिहायला सुरुवात केली आहे.