मशीन घेताय? आतल्या पीएलसीचा प्रोग्राम कोणाकडे राहणार, ते आधी विचारा



पाऊच पॅकिंग मशीनच्या व्हिडिओत मी पॅनेलचं दार उघडून आतला एक छोटा डबा दाखवला होता, पण त्यावर जेमतेम दोन मिनिटं बोलता आलं. त्या डब्याचं नाव पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर. आज तो नीट समजून घेऊ. मी बीबीए केलेला दुकानदार माणूस आहे, इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही. त्यामुळे वायरिंग शिकवणार नाही. मशीनचे पैसे मोजणाऱ्याला काय माहिती पाहिजे, तेवढंच सांगतो.

मसाला भरणारं मशीन डोळ्यासमोर आणा. फिल्म खाली ओढायची, फिल्मवर छापलेली काळी खूण सेन्सरला दिसली की थांबायचं, ऑगरने मसाला सोडायचा, जबडा मिटून सील करायचं, कापायचं. पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम सांभाळतो तो पीएलसी. तो आधी सगळे सेन्सर आणि बटणं वाचतो, मग प्रोग्रामप्रमाणे ठरवतो, मग मोटर आणि व्हॉल्व्हला हुकूम देतो. ही फेरी काही मिलिसेकंदांत होते आणि मशीन चालू असेपर्यंत थांबत नाही.

पूर्वी हेच काम रिले आणि टायमरचे ढीग करायचे. क्रम बदलायचा म्हणजे वायरी उपसून नव्याने जोडायच्या. अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की याचाच त्रास व्हायचा. १९६८ मध्ये त्यांनी यावर उपाय मागितला आणि डिक मॉर्ली यांच्या टीमचा ‘मॉडिकॉन’ त्यातूनच पुढे आला. वायरी तशाच ठेवायच्या, बदल फक्त प्रोग्राममध्ये करायचा. हा एक मुद्दा लक्षात ठेवा, कारण आपली खरी अडचण इथूनच सुरू होते.

कॉम्पॅक्ट पीएलसी म्हणजे सीपीयू, इनपुट आणि आउटपुट एकाच डब्यात. डेल्टाच्या डीव्हीपी १४ एसएस२ मध्ये ८ इनपुट आणि ६ आउटपुट येतात. सीमेन्सच्या लोगोच्या बेसिक मॉड्यूलमध्ये ८ आणि ४. लहान मशीनला एवढं पुरतं, पण मोजून बघा. आपल्या मसाला मशीनला स्टार्ट, स्टॉप, रिसेट, खुणेचा सेन्सर, जबड्याचा प्रॉक्सिमिटी सेन्सर, गार्डचं दार, फिल्म संपल्याचा सेन्सर आणि ऑगरचं काम झाल्याचा सिग्नल, हे झाले ८ इनपुट. स्टेपर मोटरला पल्स आणि दिशा, उभं सील, आडवं सील, कटर, ऑगर स्टार्ट, हे ६ आउटपुट. डबा भरला! उद्या तारीख छापणारा कोडर बसवायचा म्हटलं तर त्याला सिग्नल कुठून देणार? एक्स्पान्शन मॉड्यूल लागतं आणि खर्च वाढतो. म्हणून कोटेशन घेतानाच सांगा की दोन-चार पॉइंट मोकळे ठेवा.

आउटपुटचे दोन प्रकार असतात, रिले आणि ट्रान्झिस्टर. स्टेपरला वेगाने पल्स द्यायचे तर ट्रान्झिस्टरच पाहिजे. रिलेचा आतला कॉन्टॅक्ट प्रत्यक्ष हलतो, त्यामुळे तो वेगही देत नाही आणि झिजतोही. बदली पीएलसी मागवताना मॉडेल नंबरातलं एक अक्षर चुकलं तरी हा प्रकार बदलतो. नेमप्लेटचा फोटो आजच काढून ठेवा.

आणि सगळीकडे पीएलसी लागतोच असं नाही. साध्या गिरणीला किंवा पल्व्हरायझरला मोटर चालू-बंदच करायची असेल तर ओव्हरलोड रिलेसकट चांगला स्टार्टर पुरे. ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

एक गोष्ट मात्र तडजोड न करता बघा. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण फक्त पीएलसीच्या इनपुटवर सोडलेलं नसावं. ते दाबलं की मोटरचा पुरवठा थेट वायरिंगनेच तुटला पाहिजे. प्रोग्राम अडकला तरी हात वाचला पाहिजे.

आता मुख्य विषय. माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं मसाल्याचं युनिट आहे. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा पीएलसी जळाला. नवीन पीएलसी बाजारात मिळाला, मेकॅनिकने बसवलाही, पण मशीन हललं नाही. कारण नवीन डबा कोरा असतो! क्रम प्रोग्राममध्ये होता, आणि प्रोग्रामची फाइल फक्त मशीन बनवणाऱ्याकडे. तो फोन उचलेना. शेवटी दुसऱ्या प्रोग्रामरने मशीन बघून सगळं नव्याने लिहिलं. तोवर सीझनच्या ऑर्डरी गेल्या होत्या.

पीएलसी जळायच्या आधी फाइल वाचून घेता आली असती का? त्यावर पासवर्ड होता, म्हणजे तेही नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये पीएलसीतून काढलेल्या प्रोग्रामबरोबर लिहिणाऱ्याच्या टिपा येत नाहीत. कोणता इनपुट कशाचा हे मग अंदाजाने शोधत बसावं लागतं. काही जुन्या मॉडेलमध्ये प्रोग्राम बॅटरीवर टिकतो. बॅटरी संपली आणि पॅनेल बंद राहिलं तर प्रोग्रामही गेला.

मशीन बनवणाऱ्याची बाजूही समजून घ्या. त्याने डोकं चालवून प्रोग्राम लिहिलाय, दुसरा कोणी कॉपी करेल अशी त्याला भीती असते. ती खोटी नाही. म्हणून भांडू नका, मधला रास्ता काढा. फाइल देणार नसाल तर प्रोग्राम लोड केलेला दुसरा पीएलसी स्पेअर म्हणून विकत द्या, असं सांगा. बऱ्यापैकी मेकर याला तयार होतात. टचस्क्रीन असेल तर तिचा प्रोग्राम वेगळा असतो, तोही मागा.

हो, आणि ‘पीएलसी गेला’ असं मेकॅनिक म्हणाला की लगेच पाकीट काढू नका. आधी दिवे बघा. पॉवरचा दिवाच बंद असेल तर २४ व्होल्टचा एसएमपीएस तपासायला सांगा, तो खूप स्वस्तातला भाग आहे. पॉवर आणि रन दोन्ही चालू असतील तर मशीन थांबवलेलं असताना सेन्सरसमोर फिल्मची खूण हाताने मागे-पुढे करा. त्या इनपुटचा दिवा लुकलुकला नाही, तर दोष बहुतेक सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. (डेल्टा आणि मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये नंबर एक्स ७ नंतर थेट एक्स १० येतो. एक्स ८ शोधत बसू नका, तो नसतोच.)

परचेस ऑर्डरमध्ये हे शब्द घाला: ‘पीएलसी व एचएमआयच्या टिपांसह मूळ फाइल्स, पासवर्ड, वायरिंग ड्रॉइंग आणि इनपुट-आउटपुट यादी मशीनसोबत देणे.’ शेवटचा १० टक्के हप्ता तोवर रोखून ठेवा. पेनड्राइव्ह मिळाला की तिथेच, मेकरच्या माणसासमोर, ती फाइल लॅपटॉपवरून पीएलसीत पुन्हा लोड करून मशीन चालवून दाखवायला सांगा. पाऊच नीट पडले की चेक द्या.