गच्चीवर एक फ्लॅट : परवानगी कशी तपासतात?

कुठल्याही गावच्या बाजारपेठेत जा. खाली दुकानं, वर घरं अशाच इमारती जास्त. मालक म्हणतो, "गच्ची रिकामीच आहे, एक फ्लॅट काढू, भाडं येईल." तो भाडेकरू बऱ्याचदा हॉस्टेल न मिळालेला आपलाच मित्र असतो. म्हणून हा विषय फक्त सिव्हिलवाल्यांचा नाही, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात असं वाढीव बांधकाम १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली येतं. कलम ४४ प्रमाणे अर्ज करायचा. कलम ४५ प्रमाणे नगरपालिका मंजुरी देते, अटी घालते किंवा नाकारते. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, पण प्रस्ताव नियमांत बसत असेल तरच! हे शेवटचं वाक्य बरेच जण सोयीस्करपणे विसरतात.

आता तपासतात काय?

१) एफएसआय : एकूण बांधकाम भागिले प्लॉटचं क्षेत्रफळ. समजा प्लॉट ३०० चौ. मी. आणि मंजूर एफएसआय १.१, तर मर्यादा ३३० चौ. मी. आधीच ३०० झालं असेल तर उरले ३०. त्यात ६० चौ. मी. चा फ्लॅट कसा बसणार?

२) पार्किंग, जिना आणि आग : घर वाढलं की गाडी वाढते. दुकानात आग लागली तर वरच्यांना खाली यायला वेगळा जिना आहे का, हेही बघावं लागतं.

३) संमती : रेरात नोंदलेल्या प्रकल्पात बिल्डरला मंजूर नकाशा बदलायचा असेल, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार दोन-तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते.

४) मजबुती : इथे आपला अभ्यास कामी येतो. आयएस १८९३ मध्ये भूकंपाचं बल प्रत्येक मजल्यावर वजन गुणिले उंचीचा वर्ग या प्रमाणात वाटतात. चार सारख्या वजनाचे स्लॅब ३, ६, ९, १२ मीटरवर धरा. वर्गांची बेरीज २७०. आता १५ मीटरवर अर्ध्या मजल्याच्या वजनाचा फ्लॅट चढवला : २२५ चे अर्धे ११२.५. नवी बेरीज ३८२.५. म्हणजे वजनात वाटा फक्त ११ टक्के, पण आडव्या बलात २९ टक्के! शिवाय फ्लॅट एकाच बाजूला असेल तर इमारतीला पीळ बसतो तो वेगळाच.

त्यात खाली दुकानं. शटरमुळे भिंती कमी, म्हणून तळमजला वरच्या मजल्यांपेक्षा लवचिक, 'सॉफ्ट स्टोरी'. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत खालचा मजला मोकळा असलेल्या कित्येक इमारती कोसळल्या.

"एका फ्लॅटने काय होतंय?" असं कोणी म्हणालं, तर त्याला वरची बेरीज करून दाखवा. नकाशावरचा शिक्का हा कटकटीचा कागद वाटतो खरा. पण दुकानाच्या वर झोपणाऱ्या माणसांच्या वतीने कोणीतरी हिशेब तपासला, एवढाच त्याचा अर्थ. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी मजबुतीच्या दाखल्यावर सही करणार आहे. कॉलम आणि पाया तपासल्याशिवाय ती करायची नाही, हे आजच ठरवू या.