छातीतली कळ आणि महाधमनीचं मूळ

इलाइट चौराहा, झाशी

चि. छोटीस,

आता मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत तुझ्या रात्रपाळ्या सुरू होतील. मऊरानीपूर, ललितपूर, दतियाकडून छातीत कळ आलेली माणसं येतील आणि त्यांतल्या बहुतेकांना हार्ट अटॅकच असेल. मला सांगायचंय ते उरलेल्या मोजक्यांबद्दल. कोटाच्या बाहीचं अस्तर उसवलं की हात भलत्याच थरात शिरतो, तसं यांच्या महाधमनीचं आतलं अस्तर फाटून रक्त भिंतीत शिरलेलं असतं. हेच डायसेक्शन. ते असलं की अटॅक नाही आणि अटॅक दिसला की डायसेक्शन नाही, हा समज आधी काढून टाक. फाट मुळापर्यंत आली तर ती कोरोनरीचं तोंड दाबते, बहुधा उजवीचं. मग ईसीजीत इन्फिरिअर एमआय दिसतो, ट्रॉपोनिन वाढतं, इकोत खालची भिंत हलत नाही. यातलं काहीच खोटं नसतं. फक्त त्याच्या मुळाशी गुठळी नसते. अशा वेळी गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज दिलं, तर पेरिकार्डियममध्ये रक्तस्राव होऊन रुग्ण हातचा जाऊ शकतो. म्हणून अटॅकचा पुरावा मिळाला की शोध संपला, असं धरू नकोस.

इको करताना आपली नजर डाव्या वेंट्रिकलच्या भिंतींवर खिळते, कारण आपल्याला अटॅकच शोधायचा असतो. प्रोब तिथेच ठेवून महाधमनीचं मूळही पाहा. ते चार सेंटीमीटरहून रुंद आहे का, आत फडफडणारा पातळ पडदा दिसतो का, कलर डॉप्लरवर झडप गळते का, हृदयाभोवती पाणी आहे का? मग गळ्याच्या खाचेतून कमान पाहा आणि पोटावरून खालची महाधमनी. पडदा दिसला तर निदान जवळजवळ झालंच. नाही दिसला, तर मात्र निर्धास्त होऊ नकोस. छातीवरून केलेल्या इकोत डायसेक्शन निसटू शकतं. संशय उरला तर गळ्यापासून जांघेपर्यंत सीटी अँजिओ हवीच. रुग्ण सीटीपर्यंत नेण्याच्या स्थितीत नसेल, तर अन्ननलिकेतून इको.

तू म्हणशील, सुई तीस मिनिटांत द्यायची, त्यात हे कुठे बसवू? अटॅकमध्ये उशीर म्हणजे हृदयाचा स्नायू गमावणं, हे खरंच आहे. म्हणून सगळ्यांची सीटी कर असं मी म्हणत नाही. औषध तयार होईतो तीन गोष्टी होतात: कळ एका झटक्यात, पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र होती का, हे विचारणं, दोन्ही हातांचं बीपी घेणं, आणि वरची इको. दुसरा आक्षेप असा की हे दुखणं दुर्मिळ आहे. आहेच, लाखात वर्षाला तीन-चार. पण दुर्मिळ म्हणून खुणा ठळक असतील, असंही नाही. 2000 साली डायसेक्शनच्या 464 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचा अभ्यास आला. त्यात नाडीतला फरक जेमतेम 15 टक्क्यांत सापडला, सुमारे पाचव्या हिश्शाच्या एक्स-रेत मेडियास्टायनम रुंदही नव्हतं आणि महाधमनीची कडाही बिघडलेली नव्हती, आणि 31 टक्क्यांचा ईसीजी चक्क नॉर्मल होता. झटक्यात आलेली कळ मात्र 85 टक्क्यांत होती. त्यामुळे तुझा प्रश्न एक्स-रेपेक्षा जास्त कामाचा. ज्यांनी डायसेक्शनच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला, त्या मायकेल डीबेकींना 2005 च्या अखेरीस स्वतःला डायसेक्शन झालं, तेव्हा त्यांनाही आधी हार्ट अटॅकच वाटला होता. राहिला सीटीतल्या डायचा आणि किडनीचा प्रश्न. धोका कमी वाटत असेल तर आधी डी-डायमर कर. ते 500 च्या आत आलं, तर सीटी बहुधा टळते. संशय दाट असेल तर क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबू नकोस. चढत्या महाधमनीच्या डायसेक्शनमध्ये उपचार न झाल्यास सुरुवातीला दर तासाला एक ते दोन टक्के मृत्यू होतात.

आपल्या भागात ही घाई जास्तच हवी. ऑपरेशनसाठी कानपूर वा लखनौ गाठायचं, म्हणजे दोनशे किलोमीटरपुढची वाट. निदान होताच रक्त पातळ करणारी औषधं बंद कर, वेदना शमव, आधी बीटा-ब्लॉकरने नाडी साठच्या खाली आण, मग वरचं बीपी 100 ते 120 मध्ये ठेव. गाडी निघायच्या आधी तिथल्या सर्जनशी स्वतः बोल आणि सीटीची सीडी सोबत दे. एक सवय मात्र आजपासूनच लाव: थ्रोम्बोलिसिसच्या ऑर्डरवर सही करण्यापूर्वी केसपेपरवर महाधमनीच्या मुळाचं माप लिहायचं. लिहायचं ठरलं की पाहावंच लागतं, आणि दमलेल्या रात्री आठवणीपेक्षा ही सक्तीच कामी येते.

तुझा,
काका